षड्ज सुटला की सगळं सुटतं: कान तयार करण्याबद्दल एका पेटीवाल्याचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 41. संगीताची मध्यमा परीक्षा पूर्ण झाली आहे. नोटेशन समोर असलं की पेटीवर सगळं वाजतं, सरगम गीतंही पाठ आहेत. पण कुणी नुसतं गायलं तर कोणता सूर लागला ते सांगता येत नाही आणि विलंबित (संथ लयीच्या) ख्यालात सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे आली ते टाळ्या पडल्यावरच कळतं. या वयात कान तयार होईल का, आणि त्यासाठी एखादं ॲप घ्यावं का?

गेली तीसेक वर्षं पेटीची साथ करतो, शिकवतो. तुमच्यासारखे विद्यार्थी दर बॅचमध्ये असतात. त्यांचा कान वाईट नसतो, त्यांनी तो वापरलेला नसतो. चार-पाच वर्षं सगळं काम डोळ्यांनी आणि बोटांनी केलेलं असतं. कागदावर ‘ग’ दिसला की बोट पट्टीवर जातं आणि कान मध्ये कुठेच येत नाही. म्हणून ‘सूर ओळखायला कसं शिकायचं’ हा तुमचा प्रश्न मी जरा बदलून घेतो: ‘षड्ज, म्हणजे सा, धरून कसा ठेवायचा?’ तो एक धरता आला की बाकीचे अकरा सूर त्याच्या नात्याने आपोआप ओळखीचे होतात. तो सुटला तर पाठ केलेलं काहीच कामाला येत नाही. हे मी अंगावर घेऊन शिकलोय, तेव्हा ते आधी सांगतो.

चोविसाव्या वर्षी एका ज्येष्ठ बुवांच्या साथीला बसलो होतो. त्यांची पट्टी काळी एक, म्हणजे पेटीवरची पहिली काळी हा त्यांचा सा, आणि राग मारवा. मारव्यात कोमल (उतरलेला) रिषभ म्हणजे रे आणि धैवत म्हणजे ध यांचं राज्य, षड्ज मुद्दाम टाळतात. बुवा ‘ध नी रे ग’, ‘ध म ग रे’ असे फिरत होते आणि माझी बोटं मागून छान चालली होती. इतकी छान, की मला वाटलं आज रंगतंय. आठ-दहा मिनिटांनी बुवा षड्जावर येऊन स्थिरावले, आणि तो षड्ज मला उपरा वाटला! चक्क कोमल गंधारासारखा. मी आपला धैवतच धरून भरत राहिलो. बुवांनी गाता गाता डावा हात लांब करून माझ्या पेटीचा भाता दाबून धरला. पेटी मुकी झाली. कार्यक्रमानंतर रागावले वगैरे नाहीत. एवढंच विचारलं, “तंबोरे कुणासाठी लावले होते?”

घरी येऊन पट्ट्या मोजल्या तेव्हा भानगड कळली. मारव्याचे ध, नी, कोमल रे, ग आणि तीव्र म हे पाच सूर घ्या आणि धैवताला सा म्हणा. होतात सा, रे, ग, प, ध. म्हणजे भूप राग! बुवा मारवा गात होते आणि माझा कान धैवतावर बिऱ्हाड थाटून मजेत भूप ऐकत होता. बोटं बरोबर पडत होती, कारण पट्ट्या त्याच होत्या. चुकला होता तो फक्त षड्ज, आणि तंबोरे तर माझ्या उजव्या कानाला चार हातांवर झंकारत होते.

तर पहिलं काम तंबोऱ्याचं. ॲपमधला तंबोरा चालेल, पण एकदा तरी कुणाचा खरा तंबोरा मागून घ्या आणि स्वतः लावा. कानाला याहून चांगली तालीम मला माहीत नाही. चार तारा असतात: पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या (दोन्ही सा), शेवटची खर्जाची, म्हणजे खालच्या सा ची, पितळी. आधी जोड लावायचा. एक तार पट्टीला मिळवली, की दुसरी खुंटी पिळून तिच्या जवळ आणायची. जवळ आल्यावर दोन्ही एकदम छेडा. आवाज सरळ येत नाही, त्याला हेलकावे बसतात, वाँव-वाँव-वाँव असे. एका तारेची कंपनं सेकंदाला 139 आणि दुसरीची 138 असली, तर सेकंदाला एक हेलकावा पडतो. खुंटी अगदी किंचित फिरवली की हेलकावा लांबतो, दोन सेकंदांना एक, मग चार सेकंदांना एक. इथून पुढे खुंटी सोडायची आणि घोडीजवळचा (तारा जिच्यावर टेकतात ती घोडी) मणी केसभर सरकवायचा. एक क्षण असा येतो की हेलकावा नाहीसा होतो आणि दोन तारांची एक तार होते. तो क्षण ऐकू येण्यासाठी कानाला एरवी कधीच न केलेलं काम करावं लागतं. पहिल्या दिवशी अर्धा तास लागेल, वैतागाल. महिन्याभरात पाच मिनिटांत जोड मिळतो.

मग जवारीचा दोरा. घोडी आणि तार यांच्यामधला तो सुती दोरा पुढे-मागे सरकवताना एका जागी तारेचा आवाज फुलतो, मधमाशांच्या पोळ्यासारखा. मिरजेत जवारी काढणाऱ्या कारागिरांना काम करताना बघितलंत तर समजेल. कानशीचा एखादाच हात घोडीवर फिरवतात, तार छेडतात, मान वाकडी करून ऐकतात, पुन्हा एक हात. मोजायला हातात काही यंत्र नसतं.

जवारी खुलल्यावर खर्जाची तार एकटीच छेडत बसा, पाच मिनिटं. तिच्यातून षड्जाशिवाय आणखी एक सूर डोकावतो. तो गंधार असतो, शुद्ध गंधार. कुणी लावलेला नाही, तारेच्या मूळ कंपनांच्या पाचपट कंपनांतून तो आपसूक येतो, म्हणून त्याला स्वयंभू म्हणतात. आधी ऐकू येणार नाही, मग शंका येईल, आणि एके दिवशी ऐकू आला की पुन्हा कधी न ऐकू येणं शक्य नाही. आता हा गंधार पेटीवरच्या गंधाराशी ताडून बघा. सप्तकाचे 1200 सूक्ष्म भाग धरले तर तंबोऱ्यातला गंधार षड्जापासून 386 वर असतो. आपल्या पेटीचा 400 वर. म्हणजे पेटीचा गंधार 14 भागांनी चढा. पंचमात मात्र फरक फक्त दोनाचा, म्हणून पंचम पेटीवरही गोड लागतो. मी पेटीवाला असून हे सांगतोय. आमच्या वाद्यावर 1940 मध्ये आकाशवाणीने बंदी घातली होती आणि ती सैल व्हायला सत्तरचं दशक उजाडावं लागलं. बंदी मला आजही पटत नाही, पण गळ्याचा रियाज पेटीवर सूर दाबून करू नये हे पटतं. पेटी आधार देते, आणि आधार मिळाला की कान बसून घेतो. गाताना तंबोरा लावा. पेटी नंतर, पडताळ्यापुरती.

आता एक प्रयोग. तुमच्याकडे पेटी आहे, तंबोऱ्याचं ॲप फुकट मिळतं. पेटीच्या फक्त पाच काळ्या पट्ट्या वापरायच्या, पांढरीला हात लावायचा नाही. तंबोरा काळी तीनचा लावा आणि त्या पाच पट्ट्यांवर सावकाश फिरा: भूप. आता पट्ट्या त्याच ठेवून तंबोरा काळी एकचा करा: दुर्गा. काळी चारचा करा: मधमाद सारंग. काळी दोनचा: धानी. काळी पाचचा करून पंचमाऐवजी मध्यम लावा: मालकंस. बोटांनी काहीही बदललेलं नाही. पण ज्या काळी तीनवर भूपात घर होतं, तीच पट्टी मालकंसात कोमल धैवत होऊन बसते आणि तिच्यावर थांबलात तर जीव वर ओढल्यासारखा होतो. सगळ्यात शेवटी तंबोरा पांढरी सहाचा लावा, पंचमाऐवजी निषाद. पेटीवर तेच पाच काळे सूर. हा मारवा, षड्ज वगळलेला. माझी फजिती याच सुरांची होती, फक्त बुवांचा सा वेगळा, काळी एक. तंबोरा बंद करून वाजवलंत तर दोन मिनिटांत भूप ऐकू यायला लागेल, पैज लावतो. चालू केलात की मारवा परत येईल. सूर ओळखणं म्हणजे काय हे मला कोणत्याही पुस्तकाने इतकं स्पष्ट सांगितलं नाही. पट्टीला स्वतःचं नाव नसतं, षड्ज तिला नाव देतो. म्हणूनच कुठलाही आवाज ऐकून ‘ही काळी दोन’ असं सांगणाऱ्यांचा हेवा करू नका. अशी एक मुलगी माझ्याकडे होती. पट्टी बदलली की ती बिचारी गोंधळायची, कारण तिला पट्ट्यांची नावं ऐकू यायची, नाती नाही.

रोजच्या सरावाला माझ्याकडे दोनच गोष्टी आहेत. पहिली, मुका सूर. तंबोऱ्यावर सा गा. मग रे आणि ग मनातल्या मनात म्हणा, ओठ मिटून, घशातही हालचाल नको. आणि मग प मोठ्याने लावा. बरोबर लागला का ते तंबोराच सांगेल: पंचम नेमका असेल तर तुमचा आवाज तारेत विरघळतो, नसेल तर वेगळा उघडा पडतो. पंचम जमला की उडी गंधारावर, मग धैवतावर, मग कोमल रिषभावर. कोमल रिषभ आणि तीव्र मध्यम सगळ्यांना जड जातात, तुम्हालाही जातील. मनात सूर आधी तयार झाला तरच गळा तो लावू शकतो, आणि कानही तोच सूर ओळखतो जो मनात एकदा तयार झालाय. पुढचा सूर काय येणार याचा अंदाज न बांधता नुसतं कान देऊन वर्षं घालवणारे रसिक खूप आहेत. त्यांना आनंद मिळतो, पण कान जिथल्या तिथे राहतो.

दुसरी, वही. घरातल्या कुणाला तरी बसवा. आमच्या हिला वीस वर्षं हा उद्योग लावलाय, पेटी येत नसताना! तंबोरा चालू, त्यांनी कोणतीही पट्टी दाबायची, तुम्ही पाठमोरं बसून सूर सांगायचा. अडलं तर त्या सुरावरून पायरी पायरीने षड्जापर्यंत उतरून या, पायऱ्या मोजा, मग सांगा. चूक झाली की वहीत दोन अक्षरं लिहायची: होता कोणता आणि मी म्हटलं काय. आठवड्याने वही बघितली की चुका सैरावैरा पसरलेल्या दिसत नाहीत. बहुतेकांचा रे आणि ध यांत गोंधळ होतो, ग आणि नी यांत, कोमल रे आणि कोमल ध यांत. कारण उघड आहे. या जोड्यांत षड्ज-पंचम भाव आहे, म्हणजे सा ते प एवढंच अंतर आहे; कानाने क्षणभर पंचमालाच घर मानलं की धैवत रिषभासारखा वाटतो. काहींचं घर मध्यमावर सरकतं, विशेषतः बागेश्री-मालकंसाच्या वातावरणात. म्हणजे तुमची चूक कोणत्या जोडीत आहे त्यावरून तुमचा षड्ज कुठे पळतो ते कळतं. इलाज सूर घोकण्याचा नाही. अशा वेळी उत्तर देण्याआधी मनात एकदा सा म्हणायचा, बस.

समेबद्दल. तुम्ही मात्रा मोजत असणार, म्हणूनच सापडत नाही. विलंबित एकतालाचं एक आवर्तन कधी कधी मिनिटभर चालतं, तेवढा वेळ मोजत बसलं तर गाणं कोण ऐकणार? ठेक्याचा चेहरा ओळखा. धिं धिं, धागे तिरकिट, तू ना, कत् ता, धागे तिरकिट, धी ना. तिरकिट दोनदा येतं, आणि इतर भरीव, लांबवलेल्या बोलांत ते लगेच कानात भरतं. पहिल्या तिरकिटनंतर ‘तू ना’ येतं, तिथे डग्गा (डाव्या हाताचा, घुमणारा) गप्प. दुसऱ्यानंतर ‘धी ना’, तिथे डग्गा घुमतो. तिरकिट ऐकलं की एवढंच तपासा: पुढे डग्गा बोलला का? बोलला, तर दोन मात्रांनी सम. नाही बोलला, तर आरामात बसा, अजून अर्ध्याहून जास्त आवर्तन बाकी आहे. त्रितालातही हेच, डग्गा ऐका. ‘तिं तिं ता’ला तो नाहीसा होतो आणि शेवटच्या ‘धिं धिं धा’ला परत येतो, मग सम. रूपकाची गंमत उलटी, तिथे डग्गा गप्प होतो तीच सम. बहुतेक श्रोते तबल्याची चाट ऐकतात कारण ती टणटणीत असते. महिनाभर फक्त डावा हात ऐका.

ऐकण्याविषयी थोडंच सांगतो. रोज तीन तास मागे गाणं लावून स्वयंपाक करणं याला मी ऐकणं म्हणत नाही, तरी त्यात वाईट काही नाही. सरावाला जुन्या तबकड्यांची ध्वनिमुद्रणं घ्या, तीन-साडेतीन मिनिटांची. अब्दुल करीम खाँसाहेबांची घ्या. मुद्रण खरखरीत आहे, पण सूर बघा. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल गेल्या शतकाच्या सुरुवातीला श्रुती मोजत होते तेव्हा याच गळ्याची मदत त्यांनी घेतली होती. पहिल्यांदा नुसतं ऐका. दुसऱ्यांदा एकच प्रश्न मनात ठेवून ऐका, गायक विसाव्याला कुठे थांबतो? भूप आणि देशकार यांचे सूर तेच पाच. सूर ओळखून तुम्हाला राग कळणारच नाही. पण भूप खालच्या अर्ध्यात रमतो, गंधारावर टेकतो, आणि देशकार धैवतावरून खाली बघतो. तिसऱ्यांदा मुखडा ऐकून थांबवा, गाऊन बघा, मग कागदावर लिहा. पेटी सगळ्यात शेवटी. आणि पेटीवर त्या मुद्रणाची पट्टी नेमकी मिळाली नाही तर स्वतःला दोष देऊ नका, जुन्या तबकड्या भरताना आणि वाजवताना वेग सगळीकडे सारखा नसे, त्यामुळे षड्ज दोन पट्ट्यांच्या मधोमध येऊ शकतो. मी एकदा अख्खी दुपार यात घालवली आहे.

प्रत्यक्ष मैफलीला जाल तेव्हा वेळेआधी जा. तंबोरे मिळवायला सुरुवात झाली की लोक मोबाईल काढतात किंवा वड्याच्या रांगेत असतात. तुम्ही तेव्हा डोळे मिटून बसा. चार तारांतली कोणती उतरलीय, कलाकाराने कोणती खुंटी पिळली, वर की खाली, हे मनात सांगत राहा. पडताळा समोरच होतो.

वयाचं म्हणाल तर माझ्याकडे निवृत्तीनंतर आलेले दोघे जण कोमल गंधाराचा आंदोलित लगाव माझ्याआधी टिपतात. लहानपणी पटकन जमतं हे खरं, पण मोठ्यांना चूक लिहून ठेवायचा कंटाळा नसतो.

ॲप घ्या, तंबोऱ्याचं. सूर मोजून काटा दाखवणारं आत्ता नको. काटा दिसला की डोळे पुन्हा कामाला लागतील आणि कान पुन्हा सुट्टीवर जाईल. पहिले पंधरा दिवस सकाळी वीस मिनिटं: दहा मिनिटं नुसता सा, पाच मिनिटं मुका सूर, पाच मिनिटं वही. काळ्या पट्ट्यांचा प्रयोग रविवारी. पंधरा दिवसांनी वहीत कोणती जोडी सगळ्यात जास्त चुकली ते कळवा, त्यावरून पुढचं सांगतो.